एकशे साठ ग्रॅमचं पातं: प्रकल्प नोंदी, सातारा एमआयडीसी

१४ जून २०२५

वही आजपासून. भाचा यंदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जातोय, मेकॅनिकल. प्रोजेक्टचा विषय घेतलाय विमानाच्या इंजिनासाठी हलकं कंपोझिट पातं, म्हणजे कार्बनचं कापड इपॉक्सी या चिकट रेझिनमध्ये घट्ट करून केलेलं. सरांनी विचारलं म्हणे, "कागदावर करणार की करून दाखवणार?" यानं सांगितलं, करून दाखवणार. आणि संध्याकाळी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या शेडवर हजर. पुडा पुढं आला की मागून मागणी येते, हे आता मला कळतं.

माझं काम फायबरचं. टाक्यांची झाकणं, ट्रॅक्टरची छपरं, कूलिंग टॉवरच्या पंख्याची पाती. त्याआधी चार हंगाम चाळकेवाडीच्या सड्यावर दोराला लटकून पवनचक्क्यांची पाती दुरुस्त केली. पातं ही वस्तू मला नवी नाही, विमान नवं आहे.

ठरलं ते असं. खऱ्या मापाचं करायचं नाही. लांबी २८० मिमी, रुंदी ९०, जाडी बुडाशी ७ आणि टोकाला १.६. बूड ४० मिमी रुंद आणि खाली पाचरीसारखं फुगत जाणारं, चकतीच्या खाचेत सरकवून अडकवायचं. त्याला डव्हटेल म्हणतात. कार्बनचं एकदिशी कापड, म्हणजे सगळे धागे एकाच दिशेचे, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं. पुण्याहून मागवलं. त्याचं बिल वहिनीला दाखवायचं नाही, असं भाच्याला बजावलंय.

१९ जून

आज नुसते आकडे. शेडबाहेर पाऊस, आत चहा.

कार्बन-इपॉक्सीची घनता साधारण १.५५, टायटॅनियमची ४.४३. आमचं पातं धातूच्या धारेसकट १६० ग्रॅमच्या आसपास बसेल. तेवढ्याच आकाराचं टायटॅनियमचं ४०० ग्रॅमचं होईल. इथवर सगळ्यांना पटतं. भाच्यानं पुढचं विचारलं ते बरं केलं: "मामा, अडीचशे ग्रॅम वाचवून काय मिळालं?"

फिरणाऱ्या वस्तूचं वजन काट्यावरच्या वजनाइतकं राहत नाही. आमचं १६० ग्रॅम, गुरुत्वमध्य अक्षापासून २० सेंटिमीटरवर, मिनिटाला ६,००० फेरे. हिशेब केला तर ओढ येते साडेबारा किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ तेराशे किलो. पाव किलोच्या आतली वस्तू, आणि मुळाशी दीड मारुती लटकावल्यासारखी. खऱ्या इंजिनाचा अंदाज घ्यायचा म्हणून वीस किलोचं पातं, एक मीटर अंतर आणि २,३०० फेरे धरले. उत्तर ११८ टन. एका पात्याची ओढ. उसाच्या पाच-सहा भरलेल्या डबल ट्रॉल्या एका खाचेला बांधल्या असं समजायचं.

म्हणून पात्याचं वजन उतरलं की ते धरणारी चकती बारीक करता येते. मग शाफ्ट, बेअरिंग. पातं सुटलंच तर ते अडवणारं बाहेरचं कवचही हलकं चालतं. एका ग्रॅममागे पुढचे ग्रॅम रांगेनं उतरतात. उलटही तितकंच खरं.

२ जुलै

शिवणीच्या लाकडात पॅटर्न, म्हणजे साच्यासाठी पात्याचा नमुना, झाला. पिळाचा कोन पत्र्याच्या टेम्प्लेटनी तपासला, टोकाला अर्धा अंश कमी होता, पुट्टी लावून घासला. त्यावरून फायबरचा दोन फाकांचा साचा. मेणाचे सहा हात. नेहमीचं काम, लिहिण्यासारखं काही नाही.

१३ जुलै

पहिलं पातं. आर्द्रता ८८ टक्के. आज करायला नको होतं, हे सकाळीच माहीत होतं. पण पोराची सुट्टी रविवारचीच.

थर ३६, प्रत्येक फाकेत १८. बाहेरचे चार पूर्ण लांबीचे, आतले १४ टप्प्याटप्प्यानं आखूड होत जाणारे, म्हणजे बुडाशी जाड आणि टोकाला पातळ. पात्याच्या लांबीच्या दिशेचे धागे ओढ घेतात. ४५ अंशाचे तिरके धागे पिळाला विरोध करतात. नुसते उभे धागे घातले तर पातं ओढीला तुटणार नाही, पण हवेत फडफडेल.

डव्हटेलचा फुगवटा भरायला मी माझी जुनी युक्ती वापरली. रेझिनमध्ये काचेचा चुरा कालवून लगदा केला आणि थरांच्या मधे थापला. टाक्यांच्या कानांना वर्षानुवर्षं हेच करतोय. साचा मिटला, बोल्ट आवळले, साडेसहाला शटर ओढलं.

पावणेआठला कुलूप लावून निघणार तर वास आला. जळका, गोडसर. साच्याच्या बुडाशी हात लावला आणि लगेच काढला. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते. पातळ थरात ती उष्णता निघून जाते. जाड गोळ्यात मात्र ती अडकते. उष्णतेनं वेग वाढतो, वेगानं आणखी उष्णता. त्यात फायबरचा साचा म्हणजे वरून गोधडी. ओल्या पोत्यानं झाकून रात्री दहापर्यंत बसलो. पोरगा अपराध्यासारखा समोर. त्याचा काही दोष नव्हता, लगदा माझा होता.

२१ जुलै

साचा उघडला. वरून पातं देखणं. कडेला पांढुरकी साबणासारखी चिकट साय, ही दमट हवेतल्या हार्डनरची, म्हणजे रेझिन घट्ट करायला मिसळतात त्याची. कोमट पाण्यानं घासून गेली. बुडाचा लगदा गुळाच्या रंगाचा, त्यात एक बारीक तडा. हे अपेक्षितच.

अपेक्षित नव्हतं ते पुढं. ८० अंशाला भाजून गार केल्यावर पातं टेम्प्लेटला बसेना. टोक तीन अंश जास्त पिळलेलं. साचा तपासला, साचा बरोबर. पॅटर्न बरोबर. दोन दिवस डोकं खाल्लं.

उत्तर शाळेच्या वहीत सापडलं, शब्दशः. भाच्यानं थरांची आकृती काढली होती आणि वही मिटताना थांबला. उघड्या वहीच्या दोन्ही पानांवर एकाच बाजूला तिरकी रेघ मारा आणि वही मिटा. रेघा एकमेकींवर बसत नाहीत, फुली होते. आम्ही दोन्ही फाकांत ४५ अंशाचे थर एकाच हाताला लावले. साचा मिटल्यावर एका बाजूचे धागे अधिक पंचेचाळीस, दुसऱ्या बाजूचे उणे. गार होताना दोन्ही बाजू आपापल्या दिशेला आखडल्या आणि पातं पिळून निघालं. दुसऱ्या फाकेत तिरपं उलट लावायला हवं होतं, म्हणजे मिटल्यावर मधल्या पातळीच्या दोन्ही अंगांना सारखं.

सोळा वर्षं फायबर करतोय. झाकणाला कधी हे कळलंच नसतं, कारण चटईच्या फायबरला दिशाच नसते. कार्बनला असते, आणि ती चुकवली की तो लगेच दाखवून देतो.

३ ऑगस्ट

पहिलं पातं फेकून द्यायच्या आधी बूड ओढून बघितलं. ओळखीच्या लॅबमध्ये ओढचाचणीचं मशीन आहे. डव्हटेलसाठी लोखंडी खाच लेथवाल्या काकांनी करून दिली, पैसे नाही घेतले, "तुटलं की सांगा" एवढंच म्हणाले.

८.९ किलोन्यूटनला तुटलं. हवे होते साडेबारा. मशीनचा काटा चढत असताना आधी बारीक टिकटिक, मग कागद फाडल्यासारखा आवाज, आणि थर बुडातून सरकून बाहेर. लगदा चुरा झाला होता. कार्बनचा एकही धागा तुटलेला नाही. घडीची पोळी तव्यावर फुगल्यावर पदर सुटतात, हुबेहूब तसे थर सुटले. पदर धरून ठेवतं ते रेझिन, आणि ते आम्ही जाळलं होतं. शिवाय आतले थर मी चार-चारच्या गठ्ठ्यानं एकाच जागी संपवले होते. प्रत्येक गठ्ठ्याच्या टोकाला रेझिनचा छोटा डबका, आणि तडा तिथूनच सुरू.

पोराचं तोंड उतरलं. त्याला रोल्स-रॉइसची गोष्ट सांगितली, जी त्यानंच मला महिन्यापूर्वी वाचून दाखवली होती आणि विसरला होता. आरबी२११ या इंजिनाला त्यांनी हायफिल नावाची कार्बनची पाती लावायचं ठरवलं. १९७० मध्ये इंजिनावर कोंबडी फेकून चाचणी घेतली, पाती टिकली नाहीत, टायटॅनियमवर परतावं लागलं. खर्च वाढत गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ ला कंपनीचं दिवाळं वाजलं. "तुमचं काय गेलं? साडेचार हजाराचं कापड आणि माझा रविवार," म्हटलं. तो हसला. मला मात्र कापडाचं बिल आठवलं.

११ ऑगस्ट

कार्बनची पाती प्रवासी विमानात टिकली ती पुढं २५ वर्षांनी, जनरल इलेक्ट्रिकच्या जीई९० इंजिनात, १९९५ मध्ये बोइंग ७७७ बरोबर. २२ पाती, धारेला टायटॅनियम. नंतरच्या जीईएनएक्सला १८, जीई९एक्सला १६. पाती कमी, पण प्रत्येक जास्त रुंद. धातूत एवढं रुंद पातं फारच जड झालं असतं. त्यांतलं एक जीई९०-११५बीचं पातं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलंय. फोटो पाहिला. बाक सुंदर आहे, पण माझी नजर खाली बुडाकडेच गेली. तिथं ते कसं जाड होत जातं ते बघायचं होतं.

लीप नावाच्या दुसऱ्या इंजिनाचा मार्ग वेगळा. तिथं थर रचतच नाहीत. कार्बनचे धागे मागावर तिन्ही दिशांनी विणतात, जाडीतूनही धागा आरपार जातो, मग साच्यात घालून दाबानं रेझिन भरतात. पदर सुटायला पदरच ठेवला नाही. इचलकरंजीच्या मागवाल्याला दाखवलं तर तो म्हणेल, हे कापड नाही, हा गादीचा टाकाच आहे. आपल्या शेडमध्ये हे होणे नाही. आपण पदर सांभाळायचे.

दुसऱ्या पात्यासाठी ठरवलेलं:

लगदा बंद. फुगवट्यासाठी आधीच घट्ट केलेल्या काचेच्या कापडाच्या पाचरी, कानसून मापाला आणलेल्या. साच्याच्या बुडात ॲल्युमिनियमचा ठोकळा, तो उष्णता ओढून घेईल. हार्डनर मंद जातीचा. आतला प्रत्येक थर आधीच्यापेक्षा १४ मिमी अलीकडे संपवायचा, गठ्ठा नाही. आणि आखूड थर नेहमी पोटात, वरून अखंड थरांचं पांघरूण.

भाच्यानं तक्ता केला. थर क्रमांक, कोन, लांबी, आणि समोर टिक करायला चौकट. मोठ्या कारखान्यात कोणता थर कुठं ठेवायचा ते लेझरनं साच्यावर रेघ मारून दाखवतात. आमचा लेझर म्हणजे हा तक्ता आणि खडू.

३० ऑगस्ट

गणपतीत शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याचं काम बंद, म्हणून त्याची भट्टी मिळाली. दोन दिवस उघडीप होती, आर्द्रता ६४.

सकाळी नऊला सुरुवात. मी ब्रश आणि रोलर, पोरगा कात्री आणि तक्ता. तो थर हातात द्यायच्या आधी कोन मोठ्यानं म्हणायचा, मी पुन्हा म्हणायचो. दुसऱ्या फाकेला उलट. दहाव्या थरापर्यंत आम्हाला आमचंच हसू येत होतं, नंतर लय लागली. रेझिन गरजेपुरतंच, कापड ओलं दिसलं पाहिजे, चमकलं नाही पाहिजे. जास्त झालं की ते वजन. मधे दुपारी आरतीला बोलावणं आलं, दहा मिनिटं गेलो, आलो, पुढं लावलं. साडेतीनला साचा मिटला. बुडाचं तापमान कमाल ४७ अंश. ओल्या पोत्याची गरज लागली नाही.

रात्रभर तसंच. सकाळी भट्टीत, तासाला दहा अंश चढवत ८० ला नेलं, तिथं सहा तास. चौथ्या तासाला लाईट गेली. भट्टीचं दार उघडायचं नाही, एवढाच नियम. पंचवीस मिनिटांत ७१ पर्यंत उतरली आणि लाईट आली. दोन तास वाढवून दिले.

टेम्प्लेट लावलं. बसलं. पोरगा काहीच बोलला नाही, तीनदा काढून तीनदा बसवून बघितलं.

२० सप्टेंबर

धार. कार्बन ओढीला वाघ, पण कडेनं टोचलं की भुसभुशीत. वाळू, पाऊस, पक्षी सगळे आधी पुढच्या कडेला भेटतात. सड्यावर हे रोज बघितलंय. पवनचक्कीचं टोक पावसाच्या थेंबांनीच खरवडतं, चार पावसाळ्यांत गेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत लेप, उडून काचेचे धागे उघडे पडतात. तिथं आम्ही टेप लावायचो. विमानात टायटॅनियम नाहीतर स्टीलची धार चिकटवतात.

आमच्याकडं ०.३ मिमीचा स्टेनलेस पत्रा, ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, यू वाकवून. ॲल्युमिनियम स्वस्त पडलं असतं, पण कार्बनला ते थेट टेकलं की ओल्या हवेत बॅटरीसारखं वागतं आणि ॲल्युमिनियम खात जातं. मधे काचेचा पातळ थर दिला. पत्रा आतून घासला, ॲसिटोननं पुसला, चिकटवून क्लॅम्प लावले.

सगळं मिळून वजन १६३ ग्रॅम. तीन ग्रॅम कुठून आले यावर अर्धा तास वाद. माझ्या मते चिकटा, त्याच्या मते माझा ब्रश.

५ ऑक्टोबर

पक्षी. नियमात मोठ्या तोंडाच्या इंजिनाला ३.६५ किलोचा एक पक्षी आत फेकून बघावा लागतो, इंजिन बंद पडलं तरी चालेल पण तुकडे कवचाबाहेर यायचे नाहीत, आग लागायची नाही. त्या वेगाला पक्षी पाण्यासारखा वागतो, त्याची हाडं-पिसं गौण, घनता महत्त्वाची. म्हणून प्रयोगात जिलेटिनचा गोळाही चालतो. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून जिलेटिन आणलं, दहा टक्क्यांचं, २०० ग्रॅमचा गोळा केळीच्या पानात वळून फ्रीजमध्ये घट्ट केला. वहिनीला वाटलं खरवस.

पातं व्हाइसमध्ये आडवं. पाण्याच्या टाकीवरून, नऊ मीटर. खाली पोचताना वेग सेकंदाला तेरा मीटर. खऱ्या पात्याच्या टोकाला शेकडो मीटर असतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे आमचा हा प्रयोग पक्ष्याचा नाही, पक्ष्याच्या सावलीचा. तरीही केला.

तिसरा गोळा बरोबर बसला. पातं वाकलं, परत आलं. मग रुपयाचं नाणं घेऊन इंचाइंचावर ठोकलं. टण, टण, टण, आणि टोकापासून वीस मिमीवर भद. पत्रा सुटला होता. सोलून बघितलं तर चिकटा सगळा कार्बनवर, पत्र्याची आतली बाजू कोरी आणि चकचकीत. वाकवताना ब्रेकचं तेल लागलेलं, टोकाच्या अरुंद घडीत ॲसिटोनचा बोळा पोचलाच नाही. आधी वाकवून मग पुसायचं की पुसून मग वाकवायचं, यावर एक ओळ तक्त्यात वाढवली.

पोराला आता पातं मोटरवर फिरवून बघायचंय. त्यानं मोबाईलच्या माइकवर पात्याचा सूर मोजलाय, ठोकल्यावर सेकंदाला ९२ कंपनं. फिरताना ओढीनं पातं ताणलं जातं, तार पिळल्यासारखा सूर चढतो, आणि त्याच्या आलेखात मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास तो फेऱ्यांच्या दुपटीशी जुळतो, म्हणजे तिथं पातं जोरात थरथरेल. ते खरं आहे का बघायचंय. बघण्यासारखं आहे, मान्य. पण फिरवायचं नाही. इंजिनवाले मुद्दाम पूर्ण वेगात एक पातं स्फोटानं तोडतात आणि कवच ते अडवतं का हे सिद्ध करतात. माझ्याकडं कवच म्हणजे पत्र्याचं शटर, आणि पलीकडं पावडर कोटिंगची चार पोरं. "आरं, खड्डा खणून त्यात फिरवू," म्हणाला. खड्डाही नाही. दोन दिवस बोलला नाही.

१८ ऑक्टोबर

ओढचाचणी, दुसरं पातं. या वेळी लेथवाले काका स्वतः आले.

साडेबारा किलोन्यूटन ओलांडले तेव्हा मी काट्याकडं बघणं सोडून बुडाकडं बघायला लागलो. टिकटिक सोळाला सुरू झाली. १९.४ ला मोठा आवाज. थर सरकले नाहीत, पाचरीच्या वरच्या वळणावर एका बाजूचे फाटले. ६,००० फेऱ्यांच्या ओढीच्या दीडपट. ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे वेगात ही सूट फक्त चोवीस टक्क्यांची. पोरानं आनंदात हे गणित मला दोनदा सांगितलं. काका म्हणाले, "माझी खाच वाकली का ते बघा." वाकली नव्हती.

एकच खटकलं. फाटलं ते एकाच बाजूनं. दोन्ही बाजू सारख्या असतील तर कुठूनही फाटावं, हे पटतं. पण टिकटिक सुरुवातीपासून त्याच बाजूची होती.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर शेड उघडली. पोरगा रिपोर्ट लिहितोय. मी एकट्यानं तुटलेलं बूड आडवं कापलं, हेक्सॉनं, पाणी सोडत. मग पॉलिश पेपर, २२०, ४००, ८००, शेवटी १,५००. भिंगाखाली धरलं. थर उसाच्या पेरासारखे सरळ, पाचरीला घट्ट टेकलेले. एका ठिकाणी ब्रशचा केस. रेझिनचे डबके बारीक, एकेकटे.

डाव्या बाजूचे थर सुईनं मोजले. अठरा.

उजव्या बाजूचे मोजले. सतरा.

तक्ता काढला. छत्तीस चौकटी, छत्तीस टिका. सव्विसावी टिक बाकीच्यांपेक्षा जाड, वेगळ्या पेनानं. वेळेच्या रकान्यात तिच्या अलीकडं १२:४०, पलीकडं १२:५०. आरती.

पोराला फोन केला. म्हणाला, "मामा, परत मोजा." परत मोजले. मग कापडाच्या कपाटात खाली वाकून बघितलं. उणे ४५, लांबी २१० मिमी, खडूनं २६ लिहिलेला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला.